संत भावनाशून्य होते का?

‘सुरुवातीचे ख्रिस्ती संत भावना मारून टाकत, बुद्धीलाही शत्रू मानत,’ असं सांगितलं जातं. गोंधळ ‘अपाथेया’ या ग्रीक शब्दाचा आहे. त्याचा अर्थ दगड होणं नव्हे, विकारांच्या तावडीतून सुटणं. इजिप्तच्या वाळवंटातला ख्रिस्ती संन्यासी इव्हाग्रिअस तर प्रेमाला अपाथेयाचं अपत्य म्हणतो!

अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियसने चौथ्या शतकात लिहिलेलं, इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संत अँटनीचं चरित्र उघडून पडताळा. प्रकरण १४: सुमारे २० वर्षांच्या एकांतानंतर तो बाहेर येतो, ना दुःखाने आक्रसलेला, ना हर्षाने वाहवलेला, विवेकाने स्थिर. वाचन इथेच थांबलं की गैरसमज पक्का होतो. प्रकरण ७३ मध्ये तो तत्त्वज्ञांना विचारतो, आधी मन की अक्षरं? म्हणजे बुद्धीला तो शत्रू मानत नाही, अक्षरांच्याही आधी ठेवतो. आणि ८२ मध्ये चर्चवरचं संकट दृष्टान्तात पाहून हाच वृद्ध थरथरतो, गुडघे टेकतो, रडतो.