कुत्र्याची टाच कुठे असते?

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक पिवळट कुत्रा स्कूटरखाली झोपतो. सकाळी आम्ही योगासनांसाठी चटया काखोटीला मारून गच्चीकडे निघालो की तो उठतो. आधी पुढचे पाय लांब पसरतो, छाती जवळजवळ फरशीला टेकवतो, मागचा भाग आणि शेपूट वर करतो आणि मग तोंडभर जांभई देतो. पाच सेकंदांत गडी मोकळा. वर गच्चीवर आम्ही तेच करायला घेतलं की पोटऱ्या बोंबलायला लागतात आणि योग शिकवणाऱ्या बाई ओरडतात, "टाचा टेकवा, टाचा!"

आता गंमत अशी, की त्या कुत्र्याच्या टाचा कधीच जमिनीला टेकत नाहीत. कुत्रा बोटांवर चालणारा प्राणी आहे. त्याच्या मागच्या पायाला उलटा वाकलेला 'गुडघा' दिसतो ना, ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. म्हणजे अधोमुख श्वानासनात (गच्चीवरचं ते कुत्र्याचं आसन) टाच टेकवून आपण जे साधतो, ते कुत्र्याला जन्मात जमणारं नाही. उलट त्याला जमतं ते आपल्याला जमत नाही. कुत्र्याला कॉलर बोन जवळपास नसतंच, असतो तो नुसता अवशेष. त्याच्या खांद्याचा फरा बरगड्यांवर केवळ स्नायूंच्या आधाराने लटकलेला असतो, त्यामुळे छाती दोन्ही पायांच्या मधून झुल्यासारखी खाली जाते. आपला फरा कॉलर बोनने छातीच्या हाडाला बांधलेला आहे. झाडाला लोंबकळायला आणि दगड भिरकवायला हे उत्तम, कुत्र्यासारखा आळस द्यायला बेताचंच.

आसनांविषयी एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. ऋषी रानात राहायचे, प्राण्यांचं निरीक्षण करायचे आणि त्यांची नक्कल करायचे, त्यातून आसनं आली. ही गोष्ट अगदीच खोटी नाही. योगसूत्रांत पतंजलींनी 'स्थिरसुखमासनम्' (स्थिर आणि सुखाचं ते आसन) एवढंच म्हटलं आणि एकाही आसनाचं नाव घेतलं नाही. पण त्यांच्या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन वगैरेंच्या पंगतीत क्रौंच पक्षी, हत्ती आणि उंट यांची 'निषदनं', म्हणजे बसण्याच्या तऱ्हा येतात. त्या कशा करायच्या? यावर टीकाकार वाचस्पती मिश्रांचं उत्तर मला फार आवडतं: क्रौंच वगैरे बसलेले असताना त्यांची ठेवण पाहा, म्हणजे कळेल. आकृती नाही, मोजमाप नाही. जा आणि बघून या.

घेरंडसंहिता हा हठयोगाचा जुना ग्रंथ त्याच्याही पुढे जातो. जगात जितके जीवजंतू तितकी आसनं, एकूण चौऱ्याऐंशी लाख, असं तो सांगतो. त्यातली 84 श्रेष्ठ, आणि त्यातूनही माणसाच्या कामाची 32. आपल्या ओळखीच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींचाच हा आकडा. 2011 साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सजीवांच्या प्रजातींचा एक अंदाज बांधला (जिवाणू वगळून), तो निघाला सुमारे 87 लाख. हा शुद्ध योगायोग आहे. यावरून पूर्वजांनी मोजदाद केली होती असा संदेश कुणी पुढे पाठवू नये.

त्या 32 आसनांत मासा, बेडूक, गरुड, टोळ, मगर, उंट, साप असा भरपूर गोतावळा आहे. त्यातला साप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. भुजंगासनाचं वर्णन करताना संहिता म्हणते, पायाच्या अंगठ्यापासून बेंबीपर्यंतचं अंग जमिनीवर राहू द्या आणि डोकं फण्यासारखं वर करा. नागही नेमकं हेच करतो. मागचा भाग जमिनीवर घट्ट ठेवतो आणि पुढचा साधारण तिसरा हिस्सा उचलतो. फरक मणक्यांचा आहे. सापाला दोनशेच्या वर मणके असतात, त्यामुळे बाक सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. आपल्या कमरेत मणके पाच. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले, म्हणून मागे वाकण्याचा बराचसा भार त्या पाचांवर येतो. तळहातांनी जोर लावून बेंबीही वर उचलली की कंबर का धरते, ते यातून कळेल. नागाला ढकलायला हातच नाहीत. तो पाठीच्या स्नायूंनी उठतो.

मयूरासनात नक्कल वेगळ्याच जागी आहे. तळहात जमिनीवर, कोपरं बेंबीपाशी, आणि बाकीचं सगळं अंग हवेत आडवं. कोपराखालचे हात म्हणजे मोराचे पाय, आपले पाय म्हणजे पिसारा. खेळ सगळा तराजूचा. माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, थोडा खालीच असतो. तो तळहातांच्या बरोबर वर आणण्यासाठी डोकं आणि छाती पुढे झुकवावी लागते, नाहीतर लांब पाय जिंकतात आणि बोटं आपटतात. हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा दुसरा जुना ग्रंथ म्हणतो की या आसनाने कालकूट विषही पचतं. मोर साप खातो, हे त्यामागे असावं, असं मला वाटतं. कुणी प्रयोग करू नये!

पण नावावरून आसन ओळखायला गेलात तर फसाल. आजच्या उष्ट्रासनात आपण गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकतो आणि टाचा धरतो. घेरंडसंहितेतलं उष्ट्रासन पालथं पडून करायचं आहे: पाय उलटसुलट दुमडून पाठीवर आणायचे आणि हातांनी धरायचे. आणि व्यासभाष्यातला उंट तर नुसता बसलेला. उंट एक, आसनं तीन. कासवाचंही तसंच. प्रदीपिकेतलं कूर्मासन हे टाचांवर नीट बसण्याचं आसन आहे, आज त्याच नावाखाली पाय फाकवून, हात त्यांच्याखाली सारून जमिनीला चिकटायचं असतं. नाव टिकलं, त्याच्या आतलं अंग बदलत गेलं.

उलटंही घडलं: अंग तेच, नाव वेगळं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धति' नावाची अठराव्या शतकातली पोथी आहे. कर्ता कपालकुरंटक, आसनं 112. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या 'श्रीतत्त्वनिधि' ग्रंथात 122 आसनांची चित्रं आहेत, त्यांचा या पोथीशी जवळचा संबंध आहे. इथे प्राण्यांची जत्राच भरलेली: अस्वल, ससा, मेंढा, कावळा, चिमणी, आणि तरक्षू सुद्धा. तरक्षू म्हणजे आपलं तरस, मराठी शब्द तिथूनच आला. याच पोथीत एक आसन असं आहे: तळहात आणि चवडे जमिनीवर, ढुंगण वर, नाक जमिनीकडे न्यायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. तालमीत जोर मारणाऱ्याला ते लगेच ओळखू येईल. गच्चीवरच्या आम्हा मंडळींनाही येईल, कारण आमच्या श्वानासनाशी ते बरंच जुळतं. पोथीत मात्र त्याचं नाव गजासन आहे.

हाडांच्या हिशेबाने हत्तीही बोटांवरच उभा असतो, पण त्याच्या टाचेखाली चरबीची जाड गादी असते, त्यामुळे तळवा सपाट टेकलेला दिसतो. बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग हत्ती समजून टेकवा."