ग्राफीन-पटल (इंधन घटातील)

हायड्रोजन इंधन घटात (हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या साधनात) प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले हायड्रोजनचे अणुकेंद्र, पलीकडे नेण्यासाठी ग्राफीनचे, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बन-थराचे, पटल वापरता येईल का, याविषयीचे संशोधन. घटाच्या पटलाकडून दोन उलट अपेक्षा असतात : प्रोटॉन सहज जावेत, पण हायड्रोजन वायू अजिबात झिरपू नये. सध्या प्रचलित असलेले नॅफिऑन हे फ्लोरीनयुक्त बहुवारिक पहिले काम उत्तम करते, मात्र ते सतत ओले ठेवावे लागते. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ते सुकू लागते आणि प्रोटॉनांची वाट अडते. पातळ केले, तर वायू गळतो.

ग्राफीनची अडचण नेमकी उलटी वाटत होती. त्याच्या षटकोनांवरील इलेक्ट्रॉनांचे दाट आवरण हेलियमलाही आत शिरू देत नाही. २०१४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम यांच्या गटाने दाखवले, की एकपदरी ग्राफीनमधून प्रोटॉन मात्र जातात. तापमान वाढवले किंवा प्लॅटिनमचे कण पसरले, तर अधिक सहज. दुपदरी ग्राफीनमधून ते जात नाहीत. बोरॉन व नायट्रोजन यांची तशीच षटकोनी जाळी असलेल्या एकपदरी बोरॉन नायट्राइडची प्रोटॉनवाहकता तर ग्राफीनहून सरस निघाली. हवेतला हायड्रोजन गाळून गाड्या चालतील, अशा बातम्या तेव्हा आल्या; हवेत हायड्रोजन दहा लाखांत जेमतेम अर्धा भाग असतो, हे त्यांत बहुधा राहून गेले.

निर्दोष जाळीतून प्रोटॉन कसे जातात, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. छिद्रे असणारच, असे काहींचे म्हणणे होते. २०२३ मध्ये वॉरिक व मँचेस्टरच्या संशोधकांनी थरावर जागोजागी प्रवाह मोजला, तेव्हा तो सुरकुत्या आणि ताणलेल्या भागांभोवती एकवटलेला आढळला. म्हणजे सपाटपणातली उणीवच इथे उपयोगी पडते.

तरीही नेहमीच्या तापमानाला ग्राफीनची प्रोटॉनवाहकता नॅफिऑनच्या मानाने फारच तोकडी आहे. शिवाय ते विजेचे सुवाहक. दोन्ही इलेक्ट्रोडना टेकले, तर घट आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणून ते एकटे न वापरता नॅफिऑनच्या दोन थरांत सारून गळतीला आडकाठी म्हणून वापरून पाहतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या घटांत, जिथे इंधन पटलातून पाझरण्याची खोड जुनीच, तिथे हा उपाय विशेष आकर्षक वाटतो. दुसरा पर्याय ग्राफीन ऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचा : ते स्वस्त, पाण्यात पसरणारे आणि वीज जवळजवळ न वाहणारे. पण तापवल्यास त्यातला ऑक्सिजन निघून जातो व गुण पालटतात.

खरी कसोटी आकाराची. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेले ग्राफीन सोलून दुसरीकडे बसवताना फाटते, आणि एवढीशी चीर पडली तरी त्या जागी वायूला वाट मिळते.