हात हलतो, पण वापरतात का?

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आलाय, 'हे घड्याळ बांधा, पॅरालिसिस बरा होतो'. अजिबात होत नाही. घड्याळ फक्त हाताची हालचाल मोजतं, पण ते कसं मोजतं हे लई भारी आहे म्हणून लिहायला बसलो.

अंगावरून वारं गेलेला पेशंट चंदगड नाहीतर गगनबावड्यावरनं कोल्हापूरला तपासणीला येतो, फिजिओ हात वर करायला, मूठ मिटायला लावतात, मार्क देतात. फ्यूगल-मायर म्हणून 1975 सालची चाचणी आहे, तिच्यात हाताला 66 पैकी मार्क. पण तिथं बरे मार्क मिळवलेला माणूस घरी शर्टाची बटणं, भाकरी मोडणं सगळं चांगल्या हातानंच उरकतो. हे दवाखान्यात दिसत नाही, म्हणून दोन्ही मनगटांना सेन्सर, म्हणजे हेच घड्याळ, बांधून घरी पाठवायचं.

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा बारीकसा तुकडा नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. केएमटी (कोल्हापूरची सिटी बस) सुटली की आपण मागं रेलतो ना, तसा हात हलला की तो तुकडा मागं राहतो, शेजारच्या पट्टीपासनं अंतर बदलतं, कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) बदलतो, त्यावरनं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतोय, ते कळतं. गंमत म्हणजे टेबलावर गप पडलेला सेन्सरही 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग दाखवतो, कारण स्प्रिंग त्या तुकड्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पेलून धरत असते. आता हात कुठनं कुठं गेला हे काढायला त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन (क्षणाक्षणाची बेरीज) करायचं, आधी वेग मग अंतर, आणि घात तिथंच होतो: मनगटाचा कल एका अंशानं चुकीचा धरला तरी गुरुत्वाकर्षणातले 0.17 मीटर प्रति सेकंद वर्ग हालचाल म्हणून आत शिरतात, चूक वेळेच्या वर्गानं वाढते, आणि 10 सेकंदांत खुर्चीत बसलेल्या पेशंटचा हात हिशोबात साडेआठ मीटर लांब, म्हणजे पार रस्त्यावर!

म्हणून हात कुठनं कुठं गेला हे काढायचा नाद सोडून प्रत्येक हात किती वेळ हलला एवढंच मोजतात आणि दुबळ्या हाताला चांगल्यानं भागतात. धडधाकट माणसात उत्तर 1 च्या आसपास येतं.

पण दुसऱ्यानं मालिश करताना हलवलेला हातही यात धरला जातो. (मालिशवरनं आठवलं, पॅरालिसिसवर कबुतराचं रक्त चोळणारे अजून आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ही मंडळी कबुतर शोधत बसतात.) फटफटीवर मागं बसून रंकाळा तलावाला चक्कर मारली तर इंजिनाची थरथर हाताच्या हालचालीपेक्षा खूप जलद, ती फिल्टरनं निघते. खड्ड्यांचं अवघड आहे, ते धक्के संथ असतात आणि दोन्ही हातांना सारखेच बसतात, त्यामुळं भागाकार उगाच 1 कडं सरकतो आणि पेशंट कागदावर सुधारतो.