अग्निशमनच्या गाडीला पासिंग लागत नाही?

लातूर, बीड, परभणीकडं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "सरकारी गाडी हाय, तिला ना नंबर लागतो ना लायसन." हे चूक आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३९ नोंदणीशिवाय रस्त्यावर गाडी आणू देत नाही. वेगळी व्यवस्था आहे ती कलम ६० मध्ये, केंद्राच्या संरक्षण कामाच्या वाहनांसाठी. नगरपालिकेचा बंब त्यात बसत नाही. म्हणून लातूरच्या बंबावर एमएच २४ आणि नांदेडच्या बंबावर एमएच २६ असतं. चालकाकडंही त्या वजनाच्या गाडीचा परवाना हवाच.

मग समज आला कुठून? कलम ६६ मुळे, असं मला वाटतं. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातल्या गाड्यांना परमिट, म्हणजे गाडी वाहतुकीसाठी वापरायची परवानगी, लागत नाही. पण परमिट वेगळं, नोंदणी वेगळी, आणि गावगप्पांत दोन्हींची सरमिसळ झाली. सायरन वाजवत सिग्नल ओलांडायची सवलतही तातडीच्या कामापुरतीच, तीही काळजी घेऊन.

सर्वांत महत्त्वाचं वयाचं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी आणि पालिकेच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांनाच त्यातून सूट आहे. त्यामुळं जुना बंब दिसला तर आपल्या पालिकेला नोंदणीची तारीख जरूर विचारा. आग लागल्यावर तोच बंब आपल्या दारात येणार आहे.