उलटलेला स्मॉल सेल कर्करोग आणि टार्लाटामॅब

स्मॉल सेल प्रकारचा फुप्फुसाचा कर्करोग फसवा असतो, कारण पहिल्या केमोथेरपीला तो बहुधा चटकन दाद देतो. धूम्रपानाशी घट्ट जोडलेला हा आजार प्लॅटिनमयुक्त औषध आणि इटोपोसाइड यांनी आक्रसतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि पसरलेल्या अवस्थेतील बहुसंख्य रुग्णांत तो वर्षभराच्या आत उलटतो. पहिल्या उपचाराला २०१९ पासून इम्युनोथेरपीची जोड मिळाली, तरी ही खोड मोडली नाही. उलटलेल्या आजारासाठी वर्षानुवर्षे टोपोटेकान होते. २०२० मध्ये अमेरिकेत लुर्बिनेक्टेडिन आले, पण तीही केमोथेरपीच.

टार्लाटामॅब या नव्या औषधाची वाट निराळी आहे. या कर्करोगाच्या बहुतेक गाठींतील पेशींच्या पृष्ठभागावर डीएलएल३ नावाचे प्रथिन असते. निरोगी पेशींत ते असलेच तर मुख्यतः आत राहते. टार्लाटामॅबचे एक टोक या प्रथिनाला धरते, दुसरे रोगप्रतिकारक टी-पेशीवरील सीडी३ या प्रथिनाला, आणि अशी जवळ आलेली टी-पेशी कर्करोगाच्या पेशीला मारते. लक्ष्य जुनेच होते. त्याच प्रथिनापर्यंत विष वाहून नेणारे रोव्हा-टी हे औषध मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरून २०१९ मध्ये गुंडाळले गेले. म्हणजे खोट लक्ष्यात नव्हती, असे आता म्हणता येते.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या ५०९ रुग्णांच्या चाचणीत टार्लाटामॅब घेणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक १३.६ महिने, तर केमोथेरपी घेणाऱ्यांचा ८.३ महिने निघाला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ; त्याचा अर्थ प्रत्येकाला पाच महिने जास्त मिळतात असा नव्हे. कुणाला त्याहून बरेच अधिक मिळतात, कुणाला काहीच नाही.

चेतवलेल्या टी-पेशींमुळे ताप येणे, रक्तदाब उतरणे, प्राणवायू कमी पडणे हा त्रास मुख्यतः पहिल्या दोन मात्रांनंतर होतो. म्हणून पहिली मात्रा १ मिलिग्रॅमची, आठवड्याने १० मिलिग्रॅमची, आणि दोन्ही वेळा रुग्णावर देखरेख. नवी मुंबईला ही प्रतिक्रिया अपरिचित नाही: खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२१ पासून झालेल्या कार-टी उपचारांतही (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत दिल्या जातात) तिच्यावर असेच लक्ष ठेवावे लागते. तेव्हा ऐरोलीच्या किंवा पनवेलच्या घरी परतलेल्या रुग्णाला त्या दिवसांत सोबत हवी, आणि रात्री ताप चढला तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता रुग्णालयाला लगेच कळवायला हवे.