मेपल सिरप आणि पॅनकेक सिरप: कुत्र्याला कोणतं पचतं, कोणतं जिवावर बेततं

कुत्र्याने मेपल सिरप चाटलं तर चालतं का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचलात का? मेपल सिरप समजून जे पॅनकेकवर ओतलं जातं, ते पुष्कळदा मेपल सिरप नसतंच. रंग तोच, वास जवळपास तोच, बाटलीवरचं चित्रही तसंच. पण कुत्र्याच्या पोटात गेल्यावर एक बाटली आणि दुसरी बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

खरं मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा आटवलेला रस, दुसरं काही नाही. हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असे दिवस येतात, तेव्हा खोडाला भोक पाडून हा रस काढतात. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते. म्हणून १ लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. तयार सिरपचा दोन तृतीयांश भाग साखरच असतो, तीही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली रोजची साखर. यातला कुठलाच घटक कुत्र्यासाठी विषारी नाही. बाटलीच्या मागे घटक म्हणून एकच नाव दिसेल.

म्हणून ते बिनदिक्कत द्यावं का? नाही. विषारी नसणं वेगळं आणि खाण्याजोगं असणं वेगळं. एका मोठ्या चमचाभर सिरपमध्ये सुमारे ५० कॅलरी आणि १२ ग्रॅम साखर असते. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात, आणि खाऊ म्हणून त्यातल्या १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणजे एका चमच्यात त्याचा दिवसभराचा खाऊ जवळपास संपला. कुत्रा ५ किलोचा असेल तर तोच चमचा मर्यादेबाहेर गेला. एकदम जास्त साखर पोटात गेली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. रोजची सवय लागली तर वजन वाढतं, दात किडतात. मधुमेही, लठ्ठ किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला थेंबभरही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कुत्रा स्वतःहून थांबेल ही आशा ठेवू नका. मांजराला गोड चवच कळत नाही, कुत्र्याला ती चांगली कळते आणि आवडतेही. निरोगी कुत्र्याने ताटलीत सांडलेलं खरं सिरप चाटलं, तर पाणी ठेवा, लक्ष ठेवा, घाबरू नका. मात्र त्या ताटलीत मनुका किंवा चॉकलेट होतं का ते जरूर आठवा. ते दोन्ही कुत्र्यांसाठी खरोखर घातक आहेत आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांना फोन करायला हवा.

आता दुसरी बाटली. पॅनकेक सिरप किंवा टेबल सिरप हे मक्यापासून काढलेल्या साखरेचं सिरप असतं. त्यात पाणी, कॅरॅमल रंग, दाटपणासाठी डिंकासारखा पदार्थ, टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट किंवा सॉर्बिक आम्ल, आणि मेपलचा नुसता स्वाद. ओतून पाहिलंत तर हे संथ, जाड धारेने पडतं, खरं सिरप त्याहून पातळ असतं. साध्या, साखर असलेल्या पॅनकेक सिरपचा कुत्र्याला होणारा त्रास खऱ्या सिरपसारखाच, म्हणजे साखरेचा. इथवर दोन्ही बाटल्यांत फारसं अंतर नाही.

अंतर पडतं ते बाटलीवर ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असलं की. माणसासाठी जी बाटली हलकी म्हणून आणली जाते, तीच कुत्र्यासाठी सगळ्यांत धोक्याची ठरू शकते. हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण इथे फसगत चांगल्या हेतूने होते: साखर नको म्हणून प्रेमाने साखरविरहित सिरप दिलं जातं. अशा सिरपमध्ये गोडीसाठी कधी सुक्रालोज असतं, कधी एरिथ्रिटॉल, कधी सॉर्बिटॉल. यांनी फार तर पोट बिघडतं. पण कधी झायलिटॉल असतं, आणि ते वेगळंच प्रकरण आहे.

झायलिटॉलमुळे माणसाच्या शरीरात इन्सुलिन फारसं वाढत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र साखर आली असं समजून भरमसाट इन्सुलिन सोडतं. साखर तर आलेलीच नसते, त्यामुळे रक्तातली होती ती साखरही झपाट्याने खाली येते, बऱ्याचदा तासाभरातच. उलटी, गळून जाणं, झोकांड्या खात चालणं, मग झटके आणि बेशुद्धी. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम इतकं झायलिटॉल यासाठी पुरतं. १० किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम, म्हणजे भुकटीच्या रूपात साधारण पाव छोटा चमचा. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या आसपास गेलं की यकृत निकामी होण्याचा धोका असतो.

लेबलवर हे नेहमी झायलिटॉल याच नावाने येत नाही. ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असंही लिहिलेलं असतं. बर्चच्या झाडाचा रस आटवून केलेलं बर्च सिरप ही पुन्हा निराळीच वस्तू, त्यात झाडाची नैसर्गिक साखर असते. नावं इतकी जवळची आहेत की घाईत वाचू नका.

झायलिटॉल पोटात गेल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणं दिसायची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्यांना फोन करा आणि बाटली सोबत घेऊन निघा. किती गेलं याचा हिशेब त्यांना तिच्यावरूनच लावता येतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी उलटी करवू नका. कुत्रा गळून जातोय, अडखळतोय असं दिसलं तर वाटेत त्याच्या हिरड्यांवर थोडं साखरेचं सिरप चोळावं. मक्याचं, मध किंवा खरं मेपल सिरपही चालतं, कारण त्या क्षणी त्याला खरी साखरच हवी असते. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर तोंडाजवळ हात नेऊ नका.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात आणि रक्तातली साखर पुन्हापुन्हा तपासतात. यकृताला झालेली इजा दिसायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. म्हणून संध्याकाळी कुत्रा शेपटी हलवत उठला, तरी डॉक्टर म्हणतील तितके दिवस यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या.