शेक टेबलवर चिऱ्याचे घर: मापाच्या वादाची पार्श्वभूमी

शेक टेबल म्हणजे इमारतीचे मॉडेल वर ठेवून भूकंपासारखे हलवायचे टेबल. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराचे मॉडेल त्यासाठी किती लहान करावे, हा वाद आहे. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने हलवायचे असे टेबल होते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर कॅलिफोर्नियात वाळूची पेटी हलवून पाहिली गेली. दूरचा इतिहास इतका पुरे.

कोकणपट्टीसाठी खरी सुरुवात कोयनेची. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, पणजीपासून उत्तरेला दोनशेहून थोड्या अधिक किलोमीटरवर झालेला भूकंप धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने टिपला. धरणाच्या लांबीच्या दिशेने कमाल त्वरण ०.६३ जी (गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट) भरले. जोरदार हादरा काही सेकंदांचाच, पण कंपने जलद. चिऱ्याचे एकमजली घर ताठ असते. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या सूत्राने चार मीटर उंच, आठ मीटर लांब घराचा आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, ०.१३ सेकंदाच्या आसपास येतो. अशा घराला कोयनेची जलद कंपनांची नोंद भिडते. तरीही चाचण्यांत सवयीने कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोच्या १९४०च्या भूकंपाचीच नोंद लावतात.

१९७०च्या दशकात रुडकीत रेल्वे वॅगनवर विटांच्या घरांची मॉडेल्स बांधून दुसऱ्या जड वॅगनची धडक देण्याची सोय झाली. स्वस्त आणि दणकट, पण धडक म्हणजे एकच मोठा ठोका. भूकंपातली पुन्हापुन्हाची उलटसुलट हालचाल त्यात नाही. पुढे तेलाच्या दाबावर हलणारी हायड्रॉलिक टेबले आली आणि नोंदलेला भूकंप जसाच्या तसा वाजवता येऊ लागला, निदान कागदावर. प्रत्यक्षात मॉडेलच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ (ते स्वतःहून सेकंदाला जितके झोके घेते त्याजवळ) टेबलची आणि मॉडेलची ओढाताण सुरू होते आणि टेबल मागितलेली हालचाल देत नाही. म्हणून आधी कमी जोरात चालवून टेबलला द्यायचा सिग्नल दुरुस्त करतात. भिंतीला तडा गेला की वारंवारता उतरते आणि ती दुरुस्तीही शिळी होते.

वाद मात्र मापाचा. एका गटाच्या पद्धतीने मॉडेल एक-चतुर्थांश, माल तोच आणि त्वरणही खरेच ठेवायचे, तर नोंदीचा वेळ निम्म्यावर आणावा लागतो आणि मॉडेलवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जादा वजन चढवावे लागते. आरसीसी फ्रेममध्ये हे सोपे, शिशाच्या विटा स्लॅबवर बोल्ट केल्या की झाले. चिऱ्याच्या घरात मात्र बहुतेक वजन भिंतीतच असते. ते सगळे स्लॅबवर ठेवले, तर भिंत आडवी बाहेर कोसळण्याचा धोका कमी दिसतो, आणि गोव्यातल्या कौलारू घरांत त्रिकोणी भिंतीला खरी भीती त्याचीच.

दुसरा गट म्हणतो, वजन चढवूच नका, त्वरण चौपट करा आणि वेळ एक-चतुर्थांश. मग भिंतीतला उभा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. चुन्याच्या सांध्याची घसरण रोखण्याची ताकद त्या दाबावरच अवलंबून असल्याने भिंत नको तितकी लवकर सरकते. शिवाय चिरा लहान कापला तरी त्यातली भोके लहान होत नाहीत. आमच्या मते चिऱ्यासाठी अर्ध्याहून लहान मॉडेल करूच नये. पाव मापाच्या निकालावरून लिंटेल पट्ट्याची (दारे-खिडक्यांवरच्या सलग काँक्रीट पट्ट्याची) सळी ठरवणे धाडसाचे आहे.

किल्लारी (१९९३) आणि भुज (२००१) यांनंतर चाचण्यांना मागणी आली. २००२च्या आयएस १८९३मध्ये देशाच्या भूकंप-धोक्याच्या पाच झोनांचे चार झाले. त्या नकाशात गोवा झोन ३ मध्ये, झोन गुणांक ०.१६. हा आकडा थेट टेबलवर चढवायची चूक सर्रास होते. तो विचारात घेतलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपासाठी आहे. त्या मानकाच्या डिझाइन सूत्रात त्याचा निम्मा घेतला जातो. अहवालात कोणता घेतला, हे आधी पाहावे.

कोबे शहराच्या भूकंपानंतर जपानने २००५मध्ये २० बाय १५ मीटरचे, १२०० टन पेलणारे टेबल सुरू केले आणि तिथे मापाचा प्रश्नच बाजूला पडला. भारतातली मोठी टेबले साधारण १० ते ३० टनांची. तीन मीटर लांब-रुंद-उंच खोलीच्या २३ सेंटिमीटर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीच सुमारे १५ टन भरतात. त्यावर स्लॅब आणि खालची पायाची तुळई धरली की २० टनांच्या टेबलवरही खऱ्या मापाची एक खोली जेमतेम बसते.